काळ्या मातीतल्या दोन खोल्या

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची गोष्ट. अकोटच्या शाळेतल्या मोरोपंत मास्तरांनी घर बांधायला काढलं, तेव्हा त्यांच्याजवळ साडेआठशे रुपये होते आणि एक मुहूर्त होता. दोन्ही अपुरे पडले.

जुनं गाव पांढरीवर, टणक जमिनीवर वसलेलं. तिथली जागा परवडेना, म्हणून मास्तरांनी गावाबाहेर कपाशीच्या वावराचा तुकडा घेतला. नत्थुजी मिस्त्रीनं पाया खणला. चार फूट गेले, काळी माती. सहा फूट गेले, काळीच. आणखी खाली जावं तर दगडचुना सगळा जमिनीतच जिरणार, भिंतींना काही उरणार नाही. त्यात अमरावतीला भिक्षुकी करणाऱ्या सासऱ्यांनी चौकट बसवायचा मुहूर्त धरलेला, दुसऱ्याच दिवशीचा. पुढचा थेट दिवाळीनंतर, आणि भाड्याची खोली तर आषाढात सोडायची होती.

नत्थुजी खड्ड्यातून वर आला. म्हणाला, "मास्तर, पंचांग तुमी वाचता, माती मी वाचतो. मुरूम लागल्याबिगर पाया भरू नका. हे माती उन्हाळ्यात फाटते न् पावसात फुगते. भिंतीले उभी राहू देत नाही."

मास्तरांना ते पटलं. पटूनही त्यांनी पाया भरायला सांगितला. चौकटीला हळदकुंकू वाहताना सासरे प्रसन्न होते. नत्थुजीनं नारळ घेतला आणि कोणाकडे न बघता निघून गेला.

दुसऱ्याच उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत तडकली. बोट आत जाईल एवढी फट. पावसाळ्यात चौकट आवळली गेली आणि दार अडकून बसलं. मास्तरांच्या पत्नी सिंधूताईंनी त्यांना शाळेचा डबा खिडकीतून दिला. नत्थुजीला पुन्हा बोलावलं. मागचं त्यानं काढलं नाही. बुडाची माती सुकू द्यायची नाही, होळीपासून मृगापर्यंत रोज भिंतीच्या कडेनं पाणी घालायचं, एवढंच सांगितलं. "चार दिवस खाडा पडला का गेली समजा."

तेव्हापासून शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवरून रोज चाळीस बादल्या. सुटीत बाकीचे मास्तर गावोगाव जात, मोरोपंत भिंतीशी. भाचीच्या लग्नाला अमरावतीला सिंधूताई एकट्याच गेल्या. घर विकावं तर बुजवलेली फट रस्त्यावरूनच दिसे. कुलूप लावावं तर पाणी कोण घालणार?

सातव्या वर्षी, ऐन फाल्गुनात, अंजनगाव सुर्जीच्या शाळेत हेडमास्तर म्हणून बढतीचा कागद आला. मोरोपंतांनी तो तीनदा वाचला. अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

सिंधूताई शांतपणे म्हणाल्या, "जाऊ या. घर पडलं तर पडू दे."

"आणि मग आपण कुठं जायचं?"

"आत्ता तरी कुठं जातो आपण?"

मास्तरांनी दौत-टाक पुढं ओढला. पंधरा वर्षांची शिल्लक त्या भिंतींत होती, दुसरी उभी करायला वय उरलं नव्हतं. त्यांनी वळणदार अक्षरात नकार लिहिला. कारणाच्या जागी घरगुती अडचण. सकाळीच टपालात टाकला आणि लगबगीनं परत फिरले. मळेवाला दहा वाजता मोट जुंपायचा, त्याआधी बादल्या काढून घ्यायला हव्या होत्या.