चार पानांची अलकाताई

आमच्या कंपनीतले किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत, तरी ते साठतच गेले. जुन्या डेटाचंही असंच असतं. तो कुणी मुद्दाम ठेवत नाही, पण काढून टाकायचं काम कुणाचं, हेच ठरलेलं नसतं. परवा मैत्रिणींना त्यातला एक सांगितला, तर म्हणाल्या, "तू चिडून सांगतेस ना, म्हणून जास्त हसू येतं." आता चिडून नको तर काय आरती करत सांगू?

मी अंबडला एका कारखान्यात डेटाबेस सांभाळते. इलेक्ट्रिक पॅनेलसाठी पत्र्याच्या पेट्या बनतात तिथे. सगळी माहिती सर्व्हरवर असते आणि सर्व्हर ती पानापानांत ठेवतो. कुणी काही विचारलं की त्यासाठी किती पानं बघावी लागली, याचा आकडाही तो देतो. नुकतं वापरलेलं पान मेमरीत असतं, ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यासारखं हाताशी. नसलं तर डिस्कवरून आणावं लागतं, म्हणजे माळ्यावर चढणं आलं. एकूण किती पानांना हात घातला, ते लॉजिकल रीड. त्यातल्या किती पानांसाठी माळ्यावर चढावं लागलं, ते फिजिकल रीड. बस, एवढंच आहे. माझ्या सासूबाईंना हे एका पोळीच्या वेळात कळलं. आमच्या देवरे साहेबांना अजून कळलेलं नाही, आणि ते प्लांट हेड आहेत.

*

देवरे साहेब सर्व्हरचा वेग मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजतात. एकदा स्टॉकचा रिपोर्ट फार रेंगाळतो अशी तक्रार आली, तेव्हा ते स्वतः माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मी रिपोर्ट चालवला. चहा आला, निम्मा संपला, तेव्हा कुठे पडद्यावर अक्षरं उमटली. पुन्हा चालवला, तर लगेच आला.

येणारच! सगळी पानं नुकतीच माळ्यावरून खाली आली होती. मी आकडे दाखवले. लॉजिकल रीड दोन्ही वेळा तेवढेच होते, फिजिकलच्या जागी मात्र दुसऱ्या वेळी शून्य. म्हणजे रिपोर्ट सुधारलेला नव्हता, आणि उद्या सकाळी तो पुन्हा रेंगाळणार होता.

साहेबांनी मोबाईल खिशात टाकला. "मॅडम, मला आकडे नका दाखवू. मागे कुणी उभं राहिलं की काम होतं, एवढं मला समजलं."

*

मग साहेबांच्या केबिनमध्ये एक मोठा टीव्ही लागला. त्यावर 'लाईव्ह बोर्ड' दिसतो, आज किती पेट्या बनल्या त्याचा. बनवला आमच्या प्रशांतने. मुलगा हुशार आहे, पण नवीन होता, नाही म्हणता आलं नाही. आजचा आकडा दाखवणं सोपं होतं. साहेबांना त्याच्याखाली कंपनी सुरू झाल्यापासूनच्या एकूण पेट्या हव्या होत्या, ठळक अक्षरांत, दर अर्ध्या मिनिटाला ताज्या. म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला सर्व्हरने पहिल्या पेटीपासून सगळं वाचून काढायचं.

हा टीव्ही साहेबांच्या पाठीमागच्या भिंतीवर आहे. त्यांना तो दिसतच नाही, समोर बसलेल्या पाहुण्याला दिसतो. साहेब आले की शांताराम शिपाई बोर्ड सुरू करतो आणि साहेब गेले की बंद करतो. मी सुचवलं, निदान पाहुणे नसतील तेव्हा तरी बंद ठेवू या.

"आणि पाहुणे अचानक आले तर?" साहेबांनी विचारलं.

*

बोर्ड सुरू झाला आणि सगळा कारखाना मंदावला. साहेबांना कुणीतरी उपाय सांगितला की सर्व्हर रोज सकाळी बंद करून चालू करायचा. "माणूसही झोपून उठला की ताजातवाना असतो, मॅडम." मी कळवळून सांगितलं की बंद केला की मेमरीतली सगळी पानं जातात, प्रत्येक गोष्टीसाठी पुन्हा माळ्यावर चढावं लागतं. पालथ्या घड्यावर पाणी. माल नेणाऱ्या गाड्यांच्या स्लिप निघेनात, पहिल्या पाळीला गेटवर गाड्यांची रांग लागायला लागली.

मी साहेबांना खिडकीतून ती रांग दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली, विचार केला आणि म्हणाले, "मग असं करू, दोनदा बंद-चालू करू."

महिन्याभराने हा प्रकार थांबला. रांगेमुळे नव्हे. सकाळी आलेल्या एका पाहुण्याला बोर्ड काळा दिसला म्हणून.

*

इंडेक्सची गोष्ट तर मी अजून विसरले नाही. पुस्तकाच्या शेवटी सूची असते, कुठला विषय कुठल्या पानावर आहे ते सांगणारी. तशी सूची डेटाबेसलाही करता येते, मग सगळं वाचावं लागत नाही. स्टॉकच्या रिपोर्टला हीच सूची हवी होती आणि माझं अर्ध्या दिवसाचं काम होतं. परवानगी मागायला गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "आम्ही शाळेत अख्खं पुस्तक वाचायचो, मॅडम. म्हणून इथवर आलो. शॉर्टकट नको."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण परवानगी मिळाली नाही ती नाहीच.

*

शेवटी मी ठरवलं की आकडेच सगळ्यांसमोर मांडायचे. कुठलं काम किती पानं वाचतं, याचा तक्ता केला आणि मीटिंगमध्ये लावला. सगळ्यात वर प्रशांतचा बोर्ड, लाखांच्या घरात. सगळ्यात खाली माल रवाना करणाऱ्या अलकाताईंची डिस्पॅच स्लिप, पानं चार. आता तरी चोर सापडेल, असं मला वाटलं.

देवरे साहेबांनी तक्ता वरून खाली वाचला आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "व्वा प्रशांत! याला म्हणतात काम." मग तळाशी बोट ठेवून, "अलकाताई, तुमचं चारच?"

प्रशांतला शाबासकीचं सर्टिफिकेट मिळालं. तो बिचारा ते घेऊन माझ्याकडे आला. "मॅडम, ही माझी चूक आहे ना?" मी म्हटलं, हो. "मग हे परत कुणाला द्यायचं?"

पुढच्या महिन्यात आकडा आणखी वाढला. वाढणारच, पेट्या वाढल्या होत्या. साहेबांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

*

आता अलकाताईंचं सांगते, कारण इथे माझं हसू थांबतं.

अलकाताई मूळच्या नांदगावच्या, आमच्याकडे पंधरा वर्षं डिस्पॅचला. माल भरला की त्यांनी स्लिप काढायची, मग गाडी गेटबाहेर. चार पानांचं काम. पण किराणा दुकानात आपण कोथिंबिरीची एक जुडी घेऊन उभे असतो आणि पुढे कुणीतरी लग्नघराचं सामान भरत असतं, तशी त्यांची गत. बोर्डाच्या लाखो पानांमुळे त्यांची चार पानं मेमरीतून बाहेर फेकली जायची आणि पुन्हा आणायला डिस्कही मोकळी नसायची. शिव्या मात्र खिडकीवर बसलेल्या अलकाताईंना. एक ड्रायव्हर त्यांना म्हणाला, "ताई, येवढ्या टायमात आमच्या सुरगाण्याची जीप भरून निघते!" ती जीप माणसं कोंबून भरल्याशिवाय हलत नाही, हे ज्याला माहीत आहे त्याला हा टोमणा केवढा होता ते कळेल.

साहेबांनी अलकाताईंना मेमो दिला. 'कामात संथपणा.' दुसरा मेमो आला की डिस्पॅचवरून काढून पॅकिंगला, दुसऱ्या पाळीत. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. संध्याकाळी घरी दुसरं कुणी नाही. दुसरी पाळी म्हणजे नोकरी सोडणंच होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. मी तीन पानांची टिपणी लिहिली, आकड्यांसकट. साहेबांनी ती चाळलीसुद्धा नाही. "मॅडम, एवढं वाचायला वेळ कुणाला आहे?"

अख्खं पुस्तक वाचणारा माणूस!

अलकाताईंना मी म्हटलं, "मेमोचं उत्तर मी लिहून देते." त्या म्हणाल्या, "नको मॅडम, तुमचं लय अवघड असतं. मी माझं देते."

*

महिन्यातून एकदा कंपनीचे मालक मीटिंगला येतात. वय झालंय, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कॉम्प्युटरला ते हात लावत नाहीत. त्या दिवशी साहेबांनी अलकाताईंचा विषय काढला, दुसऱ्या मेमोवर सही घ्यायला.

अलकाताई उभ्या राहिल्या. हातात डिस्पॅचचं रजिस्टर. गाडी किती वाजता भरली आणि स्लिप किती वाजता निघाली, हे त्यात असतंच. शिवाय मोठ्या मालाला साहेबांची सही लागते, म्हणून साहेब जागेवर आहेत की बाहेर, हेही त्या शेऱ्याच्या रकान्यात पहिल्यापासून लिहितात.

"अण्णा, मला कॉम्प्युटरमधलं काय कळत नाय. हाय ते वाचते." त्यांनी चष्मा लावला. "सोमवार. साहेब आत. गाडी पाऊण तास उभी. मंगळवार. साहेब आत. पाऊण तास. बुधवार. साहेब मुंबईला. दोन मिनिटं. गुरुवार. साहेब मुंबईला. दोन मिनिटं. शुक्रवार. साहेब आत..."

"योगायोग आहे, अण्णा," देवरे साहेब म्हणाले.

अण्णांनी हात पुढे केला. रजिस्टर घेतलं आणि बोटाला थुंकी लावून मागे मागे उलटत गेले. तीन महिने, एकेक पान. शांताराम चहाचा ट्रे धरून दारातच उभा राहिला.

"हे खरं आहे का?" त्यांनी मला विचारलं.

"हो, अण्णा," मी म्हटलं.

अण्णांनी रजिस्टर मिटलं आणि अलकाताईंना परत दिलं. साहेबांनी पुढे सरकवलेला मेमो त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. मग चष्मा काढला.

"देवरे," ते म्हणाले, "तुमच्या रजा किती शिल्लक आहेत?"