फॉर्म भरायचा शेवटचा दिवस

डोंगरकड्याच्या ज्या टेलरकडून मी कपडे शिवून घेतो, ते पाच वर्षं गावाचे सरपंच होते. माप घेताना ते प्रत्येक आकडा दोनदा म्हणतात आणि मग स्वतःलाच "बराबर" अशी पावती देतात. सरपंच असताना दुकान बहुतेक बंदच असायचं. त्याहून वाईट म्हणजे, निवडणुकीत धाकटा भाऊ त्यांच्याविरुद्ध उभा राहून पडला होता. तेव्हापासून तो शेजारी राहूनही बोलत नव्हता.

यंदा निवडणुकीचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी मी दुकानात माप देत होतो. पॅनलची माणसं जीप घेऊन आली.

"चला मास्तर, फॉर्म भरू."

"मी न्हाई उभा राहत."

"काहून? तुमी निवडून येऊन राहिले ना!"

"व्हय, पण भाऊ बोलंना झाला. लई तकलीफ होते."

गळ्यातली टेप तशीच ठेवून ते भावाच्या दारात गेले. "च्या पाजतो का?" त्यांनी विचारलं. भाऊ आत वळून बायकोला म्हणाला, "अगं, दादा आला."

जीप तशीच परत गेली आणि माझं माप अर्धंच राहिलं. तासभर मी एकटाच बसून होतो, आणि शेजारून दोघांचं हसणं ऐकू येत होतं.