‘केलंस का?’ असं न विचारणाऱ्या वकीलबाई

कुंदाताई गेल्याचं त्यांच्या भाच्यानं, सुहासनं, फोन करून सांगितलं. मी इथं भोपाळात, सोनागिरीच्या बाजारातून भाजी घेऊन परतत होते. “मावशी आज सकाळी गेली. झोपेतच. मी इंदूरहून निघालोय, पोचेपर्यंत तिच्याजवळ कोणी तरी असावं…” एवढंच तो बोलला. किडनीच्या दुखण्यानं त्या वर्षभर आजारी होत्या. डायलिसिसच्या वाऱ्या चालू होत्या, त्यामुळे धक्का असा बसला नाही. भाजीची पिशवी शेजारच्यांच्या दारात ठेवली, भावाला, विनयला, फोन केला आणि रिक्षा करून अरेरा कॉलोनीत त्यांच्या घरी गेले. विनय माझ्या आधीच पोचला होता. त्यानंच डॉक्टरांना बोलावलं होतं आणि खुर्च्या बाहेर काढून ठेवल्या होत्या.

भदभद्याच्या स्मशानघाटावर बरीच माणसं जमली. काळे कोट घालून थेट कोर्टातून आलेले वकील एका बाजूला होते. दुसऱ्या बाजूला आमच्यासारखी घरं… कुणी म्हातारे आईवडील, कुणी नवराबायको, एक बुरख्यातली बाई आणि तिच्या दोन मोठ्या मुली. इतर अंत्ययात्रांत माणसं एकमेकांना विचारतात, तुमची ओळख कशी? तिथं कोणीच कोणाला विचारलं नाही. फौजदारी वकिलाला माणूस कसा ओळखतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

कुंदा पाठराबे मूळच्या नागपूरच्या. मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली तेव्हा सरकारी कचेऱ्यांबरोबर त्यांचे वडीलही बदली होऊन आले आणि इथलेच झाले. ताईंचा जन्म इथलाच. घरात नागपुरी मराठी, बाहेर भोपाळी हिंदी, आणि कोर्टात या दोन्हींहून वेगळी, सावकाश, एकेक शब्द ठेवत जाणारी भाषा. लग्न त्यांनी केलं नाही. का नाही, असं मराठी मंडळातल्या बायका हळदीकुंकवाला हमखास विचारायच्या, आणि ताई म्हणायच्या, “राहून गेलं बाई. तारखा लागून राहिल्या होत्या ना.” बायका हसायच्या आणि विषय संपायचा. माझी त्यांच्याशी ओळख तेवढीच होती. वाण घ्यायचं, तिळगूळ द्यायचा, पुढच्या वर्षी परत भेटायचं. ही बाई रोज खुनाचे, मारामारीचे, चोरीचे आरोप असलेल्या माणसांसाठी उभी राहते हे ठाऊक होतं, पण त्याचा आपल्याशी कधी संबंध येईल असं वाटलं नव्हतं.

संबंध आला तो व्हॅनमुळे. विनय तेव्हा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. गल्ली अरुंद. समोरच्या तिवारीजींच्या फाटकापुढे चाक जरा आलं तरी ते ओरडायचे, आणि विनयही काही गप्प बसणारा नव्हता. एका दुपारी वाद वाढला. तिवारीजी ओट्यावरून खाली येत होते, त्यांनी विनयची कॉलर धरली, विनयनं त्यांना ढकललं. त्यांच्या घरी नुकता ओटा धुतला होता. ते पाय घसरून पडले आणि नालीच्या कडेवर डोकं आपटलं. रक्त बघून सगळी गल्ली गोळा झाली. विनयनंच त्यांना उचलायला हात लावला, तर त्यांच्या भावानं तो झटकला. संध्याकाळच्या आत पोलीस आले आणि विनयला घेऊन गेले. तक्रारीत लिहिलं होतं की त्यानं लोखंडी रॉडनं डोक्यात मारलं. कलम लागलं जीवे मारण्याच्या प्रयत्नाचं.

आमच्या घरात पोलीस कधी आले नव्हते. आई देवापुढे बसून राहिली. फोनवर सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे आमदाराच्या माणसाला गाठा, कुणी म्हणे ठाण्यात आपली ओळख आहे, उद्यापर्यंत थांबा. मला का कोण जाणे, कुंदाताई आठवल्या, मी त्यांना फोन लावला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यानं कशावर सही केली आहे का?”

“माहीत नाही.”

“मग आधी ठाण्यात जा. त्याला सांग, मी पोचेपर्यंत कशावर सही करायची नाही आणि भांडणाविषयी कोणाशी बोलायचं नाही. प्यायला पाणी मिळालं का ते बघ. बी.पी.ची वगैरे गोळी घेतो का?”

“नाही.”

“बरं. आणि रडायचं असेल तर घरी रडून घे. तिथे नको.”

मी ठाण्यात पोचले तेव्हा विनय बाकावर बसला होता, पायात चपला नव्हत्या. ताई रिक्षातून आल्या. सुती साडी, खांद्याला झोळी. मुन्शीनं, म्हणजे ठाण्यातल्या कारकुनानं, त्यांना बघून खुर्ची पुढे केली. “मैडम, मामला सीरियस है, सिर फटा है उनका.” ताई म्हणाल्या, “हाँ भैया, सिर फटना सीरियस ही होता है. मैं लड़के से मिल लूँ?” त्यांनी मला बाहेर पाठवलं. मी दारातूनच ऐकत होते. ‘केलंस का?’ असं त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, “सकाळी उठलास तिथपासून सांग. क्रमानं सांग. मधलं गाळू नको, आणि मला बरं वाटावं म्हणून काही घालू नको.”

नंतर मी त्यांना याबद्दल विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “केलंस का म्हटलं की माणूस नाही म्हणतो आणि तिथंच अडकतो. मग पुढचं सगळं त्या ‘नाही’ला जुळवत बसतो.”

दुसऱ्या दिवशी विनयला मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं आणि तिथून जेलमध्ये पाठवलं. सेशन कोर्टानंही पहिल्यांदा जामीन नाकारला, कारण तिवारीजी अजून दवाखान्यात होते. ताईंनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. “आत्ता मिळणार नाही. ते घरी आले की परत अर्ज करू. तोवर जेलमध्ये भेटायला जायचं, आणि आईला सोबत न्यायचं.” आई नाही म्हणाली. ताई घरी आल्या, आईशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, “काकू, तो तिथं बसून विचार करून राहिला असेल की आपलं तोंड आईला दाखवायच्या लायकीचं उरलं नाही. तुम्ही नाही गेलात तर ते त्याला खरं वाटेल.” आई गेली. जाळीपलीकडून विनयनं पहिल्यांदा विचारलं ते, “तिवारीजी कैसे हैं?” घाबरला की तो हिंदीत बोलतो, लहानपणापासून.

त्याच दिवसांत आमच्या मामेभावानं एक योजना आणली. तो बरखेड्याला राहतो. त्याचं म्हणणं, मी कोर्टात सांगतो की त्या दुपारी विनय माझ्याकडे जेवायला होता. भांडण झालं तेव्हा तो गल्लीत नव्हताच. सोबत आणखी एक मित्रही साक्ष द्यायला तयार होता. घरात सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. आम्ही उत्साहानं ताईंकडे गेलो. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

“तो नव्हताच, तर तिवारी पडले कसे?”

“ते त्यांनी सिद्ध करावं ना!” मामेभाऊ म्हणाला.

“करतील. सगळ्या गल्लीनं बघितलंय. आणि तुझा खोटेपणा उघडा पडला की रॉडची गोष्टसुद्धा खरी ठरेल. रॉड नव्हता, हे एकच खरं आपल्या हातात आहे. ते तुम्ही घालवून बसाल.” मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाल्या, “हा साक्षीदार उभा करायचा असेल तर दुसरा वकील बघ, माधुरी. मी रागावणार नाही. चांगले दोघेतिघे आहेत, त्यांची नावं देते.”

परतताना मामेभाऊ रिक्षात बडबडत होता, की अशानं केस हरतात. मी जेलमध्ये जाऊन विनयला विचारलं.  तो म्हणाला, “ढकललं तर मी होतंच ना ताई…” ठरलं ते तिथं ठरलं.

तिवारीजी घरी आले आणि जामीन झाला. खटला मात्र वर्षानुवर्षं चालला. तारखा पडायच्या. कधी साहेब रजेवर, कधी साक्षीदार गैरहजर. शाळेनं विनयला व्हॅनवरून काढलं होतं. तो मग बाजारात माल पोचवणारी गाडी चालवायला लागला. एकाच गल्लीत समोरासमोर राहून आम्ही दोन घरं एकमेकांकडे बघत नव्हतो. तिवारीजींची उलटतपासणी झाली तेव्हा मी कोर्टात होते. ताई त्यांच्याशी इतक्या आदरानं बोलत होत्या की मला राग आला. आधी तब्येत विचारली. डोकं अजून दुखतं का? मग ओट्याला किती पायऱ्या, कठडा आहे का, दुपारी ओटा कोण धुतं… रॉडचं त्यांनी शेवटपर्यंत काढलंच नाही. तिवारीजींची बायको साक्षीला आली तेव्हा ताईंनी विचारलं, “अम्मा, आप बाहर कब आईं?” ती बिचारी खरं सांगून गेली, “जब गिरने की आवाज आई.” रॉड तिनं बघितलाच नव्हता. ताईंनी “धन्यवाद अम्मा” म्हटलं आणि त्या खाली बसल्या.

आरोपीचा जबाब घेताना विनयनं सांगितलं, “धक्का दिया था. कॉलर उन्होंने पकड़ी थी. रॉड नहीं था.” कोर्टानं जीवे मारण्याच्या प्रयत्नातून त्याला सोडलं, दुखापत केल्याबद्दल मात्र दोषी धरलं. आत काढलेले दिवस हीच शिक्षा. घरी पेढे आले, पण आई खट्टू होती. ताई आल्या तेव्हा तिनं विचारलंच, “पूर्ण निर्दोष का नाही सुटला?”

“काकू, ढकललं होतं ना त्यानं.”

आईनं पेढ्यांचा पुडा उघडला. एक पेढा ताईंच्या हातावर ठेवला.

त्यानंतर काही काळानं तिवारीजींच्या धाकट्या मुलाला, अंकितला, पोलिसांनी उचललं. मोबाईल हिसकावणाऱ्या पोरांबरोबर तो पकडला गेला होता. सकाळी आमच्या दारावर थाप पडली. दारात त्याची आई उभी. खटला सुरू झाल्यापासून ती पहिल्यांदाच आमच्या पायरीवर आली होती. “बेटा, वो तुम्हारी वकील दीदी… उनका नंबर दे दोगी?”  आतून आई आली, तिला खुर्ची दिली आणि मला म्हणाली, “लाव फोन.”

ताईंनी लगेच हो म्हटलं नाही. “विनयला दे,” म्हणाल्या. त्याला त्यांनी विचारलं की तुझी हरकत आहे का. कायद्यानं विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. मी बाजूला उभी राहून मानेनं नको नको म्हणत होते. याच लोकांनी रॉडची गोष्ट रचली होती. विनय म्हणाला, “घ्या ताई. पहिल्या दिवशी तिथं कुणी तरी यायला पाहिजे हो… बाकी नंतर बघता येतं.” मी पुढे ताईंशी यावरून वाद घातला. तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या, असं रागानं विचारलं. त्या म्हणाल्या, “ज्याला आत घेतलंय त्याच्या. तेव्हा विनय होता, आता अंकित आहे.” मला ते पटायला वेळ लागला. अंकित सुटला की नाही, ही गोष्ट त्याची आहे, मी सांगणं बरोबर नाही. तिवारीजी आणि विनय आता दिसले की मान हलवतात, एवढं सांगते. व्हॅनच्या जागी आता तिथं तिवारीजींची स्कूटर असते.

शेवटच्या वर्षात मी डायलिसिसच्या दिवशी ताईंसोबत जायचे. मशीनवर पडल्यापडल्या त्या फरजानाला, त्यांच्या ज्युनियरला, फोनवर अर्जातल्या ओळी बदलायला सांगायच्या. “‘माझ्या अशिलाचा काही संबंध नाही’ असं नको लिहू. संबंध आहे. काय संबंध आहे ते लिही.” नर्स फोन काढून घ्यायची, त्या तो परत मागायच्या. आमची शेवटची भेट अशीच झाली, काही विशेष बोलणं न होता. निघताना म्हणाल्या, “पुढच्या वेळी लिंबाचं लोणचं आण. खायचं नाही मला, नुसतं बघायचंय.” मी आणलं होतं… ते माझ्याच फ्रीजमध्ये राहिलं.

दिवसकार्य उरकल्यावर सुहास घर आवरायला थांबला. मी आणि फरजाना मदतीला गेलो. कायद्याची पुस्तकं फरजाना नेणार होती. ताईंच्या ऑफिसच्या खोलीला दोन दारं. एक घरातून, दुसरं बाजूच्या बोळात उघडणारं. मोठ्या रस्त्यावरून वकिलाच्या फाटकात शिरायची लोकांना लाज वाटते, म्हणून त्यांनी ते मुद्दाम पाडून घेतलं होतं. आम्ही पुस्तकं बांधत असताना ते दार ढकलून एक बाई आत आली. डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात बहुतेक कुणाचे तरी कपडे. “मैडम हैं?” सुहास म्हणाला, “ऑफिस बंद हो गया है.” ती उभीच राहिली. फरजानानं हातातला गठ्ठा खाली ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, “बैठिए. सुबह से बताइए.” थोड्या वेळानं दोघी ठाण्याकडे गेल्या.

संध्याकाळी सुहासनं खिडक्या लावल्या, पुढच्या दाराला कुलूप घातलं आणि बाजूच्या दाराचं कुलूप कुठं असतं म्हणून मला विचारलं. मला ठाऊक नव्हतं. आम्ही सगळे ड्रॉवर पाहिले. शेवटी कामाला येणाऱ्या बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, “उसका ताला तो कभी था ही नहीं.” मग जवळच्या दहा नंबर मार्केटमधून नवं कुलूप आणलं. पण कडी इतकी वर्षं कोणी सरकवलीच नव्हती… ती रंगाखाली चौकटीला घट्ट चिकटून बसली होती. सुहासनं दोनदा जोर लावला, मग पान्ह्यानं ठोकून पाहिलं. ती हलली नाही. त्यानं दार नुसतं ओढून घेतलं आणि आम्ही निघालो.