आक्काची गाठ

“गर्भपिशवीत गाठी आहेत,” साताऱ्याच्या डॉक्टरीणबाई हात धुता धुता म्हणाल्या. “फायब्रॉइड म्हणतात त्यांना. मांसाच्याच गाठी. कॅन्सर नाही, घाबरू नका.”

मी घाबरले नाही. उलट जरा बरं वाटलं. दोन वर्षं जे अंगावरून जात होतं, त्याला एकदाचं नाव मिळालं. बाहेर बाकावर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“काय म्हनली?” त्यांनी विचारलं.

“पोटात गाठी आहेत म्हणाल्या.”

त्यांचा चेहरा उतरला. माझ्या पोटाकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, “कुनी मारल्या?”

मला हसू आलं. हसण्यासारखं काही नव्हतं, हे पुढं कळलं. बायांनो, तुमच्यापैकी कुणाला असं होत असेल, आणि घरात असंच कुणी विचारणारं असेल, तर तुमच्यासाठीच हे लिहितेय.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन पाटणला आले आणि तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवू लागले. नवरा लष्करात, वर्षातून एकदा रजेवर यायचा. घरात मी, माझी मुलगी छाया आणि आत्याबाई. मी तोंडाळ आहे, हे पाटणात सगळ्यांना माहीत होतं. पण ह्या एका गोष्टीबद्दल मात्र माझं तोंड दोन वर्षं बंदच होतं.

आधी पाळी लांबली. चार दिवसांची आठ दिवसांवर गेली, मग पंधरवडाभर राहू लागली. रक्ताच्या गुठळ्या पडायच्या. जुन्या लुगड्याच्या घड्या कमी पडायला लागल्या. मी गडद रंगाचीच लुगडी नेसू लागले. शाळा सुटली की सगळे जाईपर्यंत खुर्चीवर बसून राहायची, मग उठून आधी खुर्ची बघायची. ज्या बाईनं हे केलंय तिला मी काय सांगतेय ते कळेल.

पाटणच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, लोहाच्या गोळ्या दिल्या. साताऱ्याला क्युरेटिंग केलं, म्हणजे भूल देऊन पिशवी आतून खरवडून साफ करतात. दोन महिने बरे गेले. मग पुन्हा तेच, वर जास्त. हार्मोनच्या गोळ्या दिल्या. त्या चालू असेपर्यंत थांबायचं, बंद केल्या की धरणाचं दार उघडल्यासारखं व्हायचं. पुढं पुढं तर गोळ्या चालू असतानाही जायला लागलं. मी एक गोळी चुकवली नव्हती. तरी जो तो डॉक्टर मलाच विचारायचा, औषध नीट घेता ना?

त्या काळात मी खडू खायला लागले. खोटं सांगत नाही. फळ्यावर लिहिता लिहिता हातातला खडू तोंडात जायचा. ओल्या भिंतीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. अंगात रक्त कमी झालं की असली भूक लागते, हे मला नंतर सांगितलं गेलं. तेव्हा मला वाटायचं, हे माझं तोंड नाहीच.

मग तो धक्क्याचा दिवस आला. पाटणला कोयनेकडचे भूकंपाचे धक्के नवे नव्हते. भांडी वाजली की माणसं निमूट अंगणात येऊन उभी राहायची आणि थोड्या वेळानं आत जायची. मी दुपारी चौथीच्या वर्गात पाढे घेत होते. एकदम पायाखाली जमीन हलायला लागली. धाड, धाड, धाड. फळा हलताना मी डोळ्यांनी पाहिला. “पळा!” म्हणाले आणि सगळा वर्ग घेऊन मैदानात गेले.

मैदानात आम्हीच होतो. दुसरा एकही वर्ग बाहेर आला नव्हता. बाकीच्या वर्गांतून पाढ्यांचा आवाज येत होता. हेडमास्तर व्हरांड्यात आले आणि माझ्याकडे बघत राहिले. जमीन अजून हलतच होती. मी एका पोरीला विचारलं, “हलतंय ना गं?” ती मान हलवून “न्हाई बाई” म्हणाली आणि माझ्यापासून दोन पावलं मागं सरकली.

ते माझं काळीज होतं. रक्त पाण्यासारखं झालं की काळजाला दुप्पट पळावं लागतं, आणि त्याचा ठोका अंगभर लागतो. पण हे मला तेव्हा कोण सांगणार?

शाळेत मी चालायची, घरात चालायची नाही. त्या दिवसांत आमच्याकडे बाईनं गोठ्याशेजारच्या खोलीत बसायचं. आता महिन्यातले वीस-वीस दिवस माझं अंथरूण तिथंच पडायला लागलं. त्या खोलीत मला आवाज यायचा. कुणीतरी सुपानं धान्य पाखडतंय असा. हुश्श, हुश्श, हुश्श. मी कूस बदलली की थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. एकदा जेवणाचं ताट सरकवायला आत्याबाई दाराशी आल्या, तेव्हा मी सहज विचारलं, “ह्या वेळेला कोण पाखडतंय हो?”

त्यांच्या हातातलं ताट तिथंच खाली आलं. “तुला ऐकू येतंय?” एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या देवर्ष्याकडं जाऊन आल्या. साताऱ्याहून आल्यापासून गाठी कुणी मारल्या हा घोर त्यांना लागलाच होता. देवर्ष्यानं सांगितलं, घरातलीच बाई हाय, रगतात गेलेली हाय, आता रगत मागतीय.

आत्याबाईंना नाव विचारावं लागलं नाही. त्यांची थोरली बहीण, आक्का, ह्याच घरात दिलेली होती. दोन सख्ख्या बहिणी, दोन सख्खे भाऊ. आक्काला मूल झालं नाही. तिचं पोट वर आलं होतं, गावाला वाटलं दिवस गेले, पण दिवस सरून गेले तरी काही झालं नाही. मग अंगावरून जायला लागलं ते थांबलंच नाही. ती गोठ्याशेजारच्या खोलीतच गेली. शेवटपर्यंत, हातात ताकद होती तोवर, तिथं बसून ती सगळ्या घराचं धान्य पाखडायची.

हे मला छायाच्या तोंडून कळलं. आजीनं तिला सांगून ठेवलं होतं, आईच्या लय जवळ जाऊ नको.

अमावस्येला ओढ्याकडेला उतारा ठेवला. दहीभात, लिंबू, हिरव्या बांगड्या, चोळीचा खण. खणाचा रंग बघून मी हटकलं, “हा तर माझ्या पेटीतला.” आत्याबाई म्हणाल्या, “आता तुजं आन तिचं निराळं ऱ्हायलंय का?” मी शिकलेली बाई, चांगले चार शब्द सुनावणार होते. पण त्या खोलीत परत जायचं होतं मला. पोटावर हात ठेवला की आतली गाठ लागायची, कठीण, नारळाएवढी. कुशीवर वळले की तीही वळायची. आणि ते पाखडणं ऐकताना मी स्वतःच एकदा म्हणाले, “आक्का, झोपू द्या हो.” म्हटल्याबरोबर अंगावर काटा आला. मी तिच्याशी बोलले होते.

त्यानंतर मी छायाला सांगितलं, मामाला निरोप धाड.

माझा भाऊ आला आणि मला सांगलीच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला लाल अंश, चार भरलं. सर्जन म्हणाले, “ह्या रक्तावर तुम्ही चालत आलात?” दोन बाटल्या रक्त चढवलं. भावानं एक दिली. दुसरी बाटली संपता संपता पाखडण्याचा आवाज बंद झाला. मी कान देऊन ऐकत राहिले. पंख्याचा आवाज होता, सिस्टरांच्या चपलांचा होता, दुसरा काहीच नव्हता. सर्जन म्हणाले, तो तुमच्याच रक्ताचा आवाज होता. मला ते पटलं. तरी चुकल्यासारखं वाटत होतं.

“गोळ्यांनी हे थांबणार नाही,” ते म्हणाले. “हिस्टरेक्टॉमी करावी लागेल.” म्हणजे गर्भपिशवीच काढायची. पण सासरच्या माणसाची संमती हवी, मागून तक्रार नको. नवऱ्याला तार केली होती, तो कुठल्या चौकीवर होता कोण जाणे, उत्तर आलं नाही. मग आत्याबाईंना आणलं.

त्या अंगठा देईनात. रागानं नव्हे. पदर तोंडाला लावून बसून राहायच्या. भावानं समजावलं, सर्जननी समजावलं. शेवटी माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, “पिशवी काडल्यावर ती जाईल कुटं? पोरीला धरंल की गं.”

त्यांना माझा जीव नको होता असं नाही. त्यांना नातीचा हवा होता. माझं पुन्हा सुरू झालं होतं, चढवलेलं रक्त तसंच वाहून चाललं होतं, आणि तापही भरला होता.

पुढचं मला आठवत नाही. शेजारच्या खाटेवर तासगावच्या एक मावशी होत्या, त्यांनी सांगितलं ते लिहिते. तिन्हीसांजेची वेळ. आत्याबाई माझ्या पायाशी बसून बोलत होत्या, पण माझ्याशी नाही. “आक्का, सोड हिला. माजं काय चुकलं सांग. पर लेकराच्या वाटंला जाऊ नगंस.”

मावशी म्हणाल्या, “तू डोळं मिटूनच हुतीस. आवाज बी तुजा वाटंना. म्हनलीस, ‘चिमे, अंगठा दे.’”

आत्याबाई उठल्या आणि सरळ सिस्टरांच्या टेबलापाशी जाऊन हात पुढं केला म्हणे.

माझ्या सासूबाईंचं नाव गजराबाई. घरात, गावात, सगळीकडं गजराबाई. चिमी हे त्यांचं लहानपणचं नाव, आक्काच तेवढी त्या नावानं हाक मारायची, हे मला पुढं कळलं. तापात त्यांचं पुटपुटणं कानावर पडलं असेल, त्यातून हे नाव उचललं असेल, असं मी स्वतःला सांगते. मी मास्तरीण आहे, मला असंच सांगितलं पाहिजे. पण तिन्हीसांजेला घरात एकटी असले की मी आधी दिवा लावते.

ऑपरेशन झालं. काढलेली पिशवी नातेवाइकांना दाखवायची त्या सर्जनांची पद्धत होती. भाऊ तिथं होता, त्यानं मला सगळं सांगितलं. पांढऱ्या तसराळ्यात पिशवी, तिच्यावर लहानमोठ्या गाठी. सर्जननी मोठी गाठ मधून कापली. आतून पांढरी, कोबी कापल्यावर दिसतात तशी वळणं. आत्याबाई वाकून बघत राहिल्या.

“ह्ये कुनी केल्याबिगर येतंय?”

“आपोआप येतं, आजी. बऱ्याच बायकांना असतं.”

“आन काडलं न्हाई तर?”

“सगळ्यांना त्रास होतो असं नाही. पण हिच्यासारखं असेल तर रक्त जात राहतं. बाई पांढरी पडते, धाप लागते. पोट वर येतं, लोकांना वाटतं दिवस गेलेत. काहींना मूल होत नाही. हिला आणखी उशीर झाला असता तर हाती लागली नसती.”

सर्जन माझ्याबद्दल बोलत होते. आत्याबाई तिथंच भिंतीला धरून खाली बसल्या. “मंग आमची आक्का...” म्हणाल्या. भाऊ म्हणाला, एवढी म्हातारी बाई लहान पोरीसारखी रडली.

मी शुद्धीवर येऊन जरा बसायला लागले, तेव्हा त्या माझे पाय चेपत म्हणाल्या, “मी भ्याले तिला. मेल्यावर भ्याले ते भ्याले, ती जित्ती हुती तवा बी भ्याले. पानी मागायची ती. मी तांब्या लांबनं सरकवायची. सख्ख्या भनीला, सुमन.”

मी त्यांचा हात धरून ठेवला. दुसरं काय करणार होते? त्यांनी मलाही ताट लांबूनच सरकवलं होतं, आणि तो राग मला होता. त्या दिवशी तो कुठं गेला कळलं नाही.

बायांनो, आठ दिवसांवर जायला लागलं, गुठळ्या पडायला लागल्या, तर अंगावर काढू नका. पायऱ्या चढताना धाप लागते का, कानात आवाज येतो का, माती-खडू खावासा वाटतो का, हे डॉक्टरांना स्वतः होऊन सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका. एका औषधानं थांबलं नाही तर पुन्हा जा. सगळ्यांचीच पिशवी काढावी लागत नाही. आणि घरातलं कुणी वेडंवाकडं बोललं तर त्यांना सोबत न्या, आत न्या, बाकावर बसवून ठेवू नका. मी सर्जनांची ऋणी आहे, भावाची आहे, आणि ज्या बाईनं अंगठा दिला तिची तर आहेच.

टाके काढल्यावर आम्ही परत निघालो. कराडला गाडी बदलली. पाटणच्या गाडीत खिडकीशी मी, शेजारी आत्याबाई. मग एकदम म्हणाल्या, “आक्काला लय गुदगुल्या व्हायच्या.”

मी त्यांच्याकडं बघितलं.

“नुसतं बोट दावलं तरी लोळायची. आमचा बा वरडायचा, कामं टाकून काय खिदळताय म्हनून. मिरच्या खायची कच्च्या. पवायला तर काय, मासाच.”

त्या बोलतच राहिल्या. गावाची वेस आली, माणसं उतरायला उठली, तरी त्या सांगतच होत्या, आणि पुढचं विसरू नये म्हणून मधूनच माझा हात घट्ट धरत होत्या.