पेट्रोलच्या झाकणाला ओवाळलं तेव्हा

अजूनही देवापुढं दिवा लावताना मी आधी पोरीला दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवते. ती रडते, दार वाजवते, तरी ठेवते. आमच्या यांना वाटतं मी जरा जास्तच करते. पण त्या दसऱ्याला ती माझ्या कडेवर होती आणि दिवा माझ्याच हातात होता, हे माझ्या डोक्यातून जातच नाही.

आम्ही इंग्लंडात रीडिंगला राहतो, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत, भाड्यानं. आमचे हे गॅरेजमध्ये मेकॅनिक. मी नववीपर्यंत शिकलेली, इंग्रजी दुकानात चालेल एवढंच. पोर तेव्हा दीड वर्षाची. शेजारी एक गोरे आजोबा राहतात, एकटेच. त्यांची गाडी म्हणजे त्यांचा जीव. बुटकी, हिरवी, पन्नास वर्षांची जुनी गाडी, रोज पुसतात, चालवतात मात्र महिन्यातून एकदा. तिचं पेट्रोलचं झाकण गंजलं होतं, फिरवून फिरवून हात दुखायचे. म्हणून आजोबांनी नेटवरून नवीन मागवलं, चकचकीत, जुन्या रेसच्या गाड्यांना असायचं तसलं. कडेचं बटण दाबलं की झाकण खट्कन वर. खोक्यातून काढून त्यांनी ते आम्हाला दहा वेळा उघडून दाखवलं, लहान मुलासारखं. मग यांना म्हणाले, "तू बसवून देशील का?" हे म्हणाले, "देतो की. त्यात काय."

शुक्रवारी संध्याकाळी कामावरून येऊन यांनी ते बसवलं. गाडी आजोबांच्या दारातच उभी. जुनं झाकण काढलं, नळीच्या तोंडावर नवीन कडं चढवलं, आतून रबर, मग तीन बारीक स्क्रू. ते स्क्रू हरवू नयेत म्हणून पोरीच्या खिमटाच्या वाटीत घेऊन मी उभी. टाकीत पेट्रोल मुद्दाम कमी ठेवलेलं, अगदी तळाला, काम करताना सांडायला नको म्हणून. सगळं झाल्यावर यांनी बटण दाबून बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"खटका हलका लागतोय गं. नुसता हात लागला तरी उघडेल. जरा आवळायला पाहिजे."

तेवढ्यात मीच बोलले. मीच. "अहो, आज खंडेनवमी आहे. हत्यारं पूजेला मांडायची राहिलीत. अंधार पडला. आता दसरा झाल्यावर आवळा."

हे हसले. "बरं बाई. तुझ्या देवाला पाने हवेत, घे." पाने, पक्कड, ती वाकडी बारीक चावी, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलं, कुंकू लावलं, एकेका पान्यावर फूल ठेवलं. एकदा पूजेत ठेवली की दसरा पार पडेपर्यंत हत्यारं उचलायची नाहीत. माझे वडील टेम्पो चालवायचे, आमच्याकडं असंच होतं. त्या दिवशी गाडीचं चाक पंक्चर झालं तरी वडील हात लावायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे झेंडूची फुलं संपली म्हणून गावातल्या आपल्या लोकांच्या दुकानात गेले. आजोबा चार वाजता आम्हाला गाडीतून फिरवून आणणार होते, जाता जाता पेट्रोल पण भरणार होते. पोरीला नवा फ्रॉक घातला. म्हणलं, हे येईपर्यंत गाडीची पूजा उरकून टाकू. नवीन वस्तू लागलीय, गाडीत बसायच्या आधी तिला ओवाळलं पाहिजे. वडिलांच्या टेम्पोला बोनेटवर ओवाळायचो, पण इथं नवीन काय, तर झाकण. मग झाकणालाच ओवाळायचं ना? मला खरंच एवढंच सुचलं. पेट्रोल म्हणून काही डोक्यातच आलं नाही.

एका हातावर ताट, त्यात निरांजन, हळद, कुंकू, अक्षता, एक फूल. कडेवर पोर. आधी ओवाळलं. वारा नव्हता, ज्योत सरळ. मग ताट डाव्या हातात पोरीच्या पायाशी धरलं आणि उजव्या हातानं झाकणाला कुंकू लावलं, वर अक्षता वाहिल्या, फूल ठेवलं. फूल घसरायला लागलं. ते सावरायला गेले आणि अंगठा बटणावर पडला.

खट्.

झाकण उघडलं. अक्षता आत गेल्या, सळसळ आवाज आला. आणि मग वास आला. पेट्रोलचा वास असा वर आला की पोरीनं नाक मुरडलं. ताट टाकीच्या तोंडापासून हातभर लांब असेल नसेल. त्यात ज्योत. माझ्या पोरीचा पाय त्या ताटाला लागलेला, नव्या फ्रॉकची झालर ताटाच्या काठावर.

फुंकावं तर दिवा फुंकायचा नसतो. हे लिहिताना लाज वाटते पण खरं सांगते, त्या घडीला मला तेच आठवलं. दिवा फुंकला तर घरावर वाईट येतं, आई सांगायची. घरावर वाईट म्हणजे कुणावर? हिच्यावरच ना? फुंकला तरी हिच्यावर, नाही फुंकला तरी हिच्यावर. पाय जागचे हलेनात. किती वेळ तशी उभी होते माहीत नाही. एक श्वास असेल, पण तो श्वास मी घेतलाच नव्हता.

मग पोर पुढं झुकली, ज्योतीकडं हात करून म्हणाली, "बाप्पा." तसे माझे पाय सुटले. मागं मागं, उलट्या पावलांनी, ताट शरीरापासून लांब धरून, पोरीला छातीशी आवळून, गाडीवरची नजर न काढता, आजोबांच्या दारातून फुटपाथवर, तिथून आमच्या दाराच्या पुढं, त्याच्याही पुढच्या घरापर्यंत. तिथं थांबले आणि फुंकला. जन्मात पहिल्यांदा. दसऱ्याच्या दिवशी.

धूर निघाला, मी तो पण हातानं मारला.

परत जाऊन झाकण लावलं, पदरानं कुंकू पुसलं, फूल उचललं. आतल्या अक्षता काही दिसेनात. हे फुलं घेऊन आले तेव्हा मी घरात भिंतीला टेकून बसलेली.

"काय झालं? तोंड का उतरलंय?"

"काही नाही. पोर त्रास देतेय."

का नाही सांगितलं? भीती वाटली. आई म्हणून माझ्यावर यांचा जो विश्वास होता तो जाईल अशी भीती. मनात म्हणलं, तांदूळच आहेत, काय होतंय. टाकी जवळजवळ रिकामी होती, पेटायला पेट्रोल तरी कुठं होतं. असं मनाशी घोकत बसले.

चार वाजता आजोबा टोपी घालून आले. पोरीला मागच्या सीटवर बसवलं, तिच्या गालाला हात लावून "प्रिन्सेस" म्हणाले. हे पुढं बसले. मी एक पाय आत ठेवला. आजोबांनी किल्ली लावली. आणि माझ्या डोळ्यांपुढं हमरस्ता आला, ट्रक जातात तो, आणि तांदूळ अडकून मध्येच बंद पडलेली गाडी, आत माझी पोर.

"थांबा! स्टॉप! अहो, थांबवा त्यांना!"

आजोबा दचकले. "व्हॉट्स द मॅटर, लव्ह?"

मी पोरीला बाहेर काढलं आणि रस्त्यावरच रडत सगळं सांगितलं. अक्षता, बटण, दिवा. हे आधी हसायला लागले. "टाकीत तांदूळ? खिचडी लावायची होती का?" दिवा म्हणल्यावर हसू थांबलं.

"पेटलेला?"

"हो."

"ही कुठं होती?"

मी नुसतं कडेवर दाखवलं.

"टाकी रिकामी होती म्हणून वाचलो ना?" मीच विचारलं, हो म्हणतील म्हणून.

हे हळू आवाजात म्हणाले, "अगं, भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीत वाफ जास्त असते. वाफच पेटते."

यांनी आजोबांना इंग्रजीत सांगितलं. आजोबांनी किल्ली काढून खिशात टाकली. पोरीकडं बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आमच्यात पण लग्नात तांदूळ टाकतात. टाकीत नाही टाकत." मला हसू आलं नाही, त्यांनाही नाही.

हे घरात गेले. पाटावरून पाना उचलला. त्यावरचं फूल खाली पडलं. दसरा अजून पार पडला नव्हता, मी बघत होते, पण आता मी कुठल्या तोंडानं बोलणार?

गाडी जॅकवर घेऊन, टाकीचा खालचा बोल्ट काढून सगळं पेट्रोल पत्र्याच्या डब्यात काढलं, माझ्या पन्हं गाळायच्या फडक्यातून गाळून. मी पोरीला घेऊन रस्त्याच्या पलीकडं उभी. हे तिथून ओरडून तांदळाचे दाणे मोजत होते, "नऊ... दहा... अकरा." मी चिमटीत किती घेतले होते देव जाणे. सगळे निघाले की नाही कळेना, म्हणून त्या दिवशी कुणीच कुठं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी टाकी पुन्हा दोनदा धुतली आणि खटका आवळला.

आवळताना यांनी मान वर न करता विचारलं, "दिवा कसा विझवलास?"

"फुंकला."

"बरं केलंस," हे म्हणाले. मग स्क्रू फिरवत म्हणाले, "खटका मीच ढिला सोडला होता."

दोन आठवड्यांनी आजोबांनी आम्हाला गाडीतून फिरवलं. मागच्या सीटवर मी पोरीला मांडीवर घट्ट धरून बसले, नाकानं सारखी वास घेत. पेट्रोल पंप आला. आजोबा उतरले, सगळ्यांना दिसेल असं ऐटीत बटण दाबलं.

खट् आवाज झाला तेव्हा मी पोरीला घेऊन हवा भरायच्या यंत्राच्याही पलीकडं पोचले होते. चपला गाडीतच राहिल्या होत्या.