पाकिटातले जंतू

माझे धाकटे दीर मत्स्यपालनाच्या प्रशिक्षणाहून पांढऱ्या पावडरीचं पाकीट घेऊन आले, तेव्हाच मला वाटलं, ह्यांना कुणीतरी टोपी घातली.

"वहिनी, ह्यात जिवंत जंतू हायेत. दह्यातल्यासारखे, चांगले. ड्रममधल्या पाणपिसवांना हे चारायचं अन् त्या पिसवा माशांच्या जिऱ्यांना."

पाणपिसवा म्हणजे माशांच्या खाद्यासाठी ड्रममध्ये पाळलेले बारीक पाणकिडे. जिरे म्हणजे माशांची नुकती जन्मलेली पिल्लं; दिसतातही फोडणीतल्या जिऱ्याएवढीच. गेल्या वर्षी परंड्याजवळच्या आमच्या मळ्यातल्या हौदांत ती निम्म्याहून जास्त मेली. यंदाही वाढली नाहीत तर हौद बुजवायचे आणि भाऊजींनी पुण्याला कंपनीत जायचं, असं घरात ठरलं होतं.

"जंतू मारायला आमी पाणी उकळतो, अन् तुमी विकत आणता व्हय?"

ते नुसते हसले. मला त्या हसण्याचाही संशय आला.

हौद दोन होते. एकाला पावडरीवरच्या पिसवा, दुसऱ्याला साध्या. सकाळी ते डेअरीवर दूध घालायला जात, म्हणून पावडर कालवायचं काम माझ्याकडं आलं. मी पाकीट हुंगलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं, तारीख दोनदा वाचली. मैदा असेल, नाहीतर रांगोळी! तरी पोटात जायची गोष्ट, म्हणून लेकरांना देतो तसं पाणी मी खळखळ उकळायचे, त्यात पावडर कालवायचे आणि निवली की ड्रममध्ये ओतायचे.

तीन आठवड्यांनी दोन्ही हौदांतली पिल्लं सारखीच किडकिडीत.

"म्या आधीच सांगितलं हुतं," मी म्हटलं. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या कुर्डुवाडीच्या गाडीनं पुण्याला निघायचं म्हणून भाऊजींनी बॅग भरली.

संध्याकाळी मी दही लावायला बसले. सवयीनं दुधात करंगळी बुडवली तर चटका बसला, म्हणून विरजणाची वाटी बाजूला सारली. गरम दुधात विरजण मरतं, हे मला न्हाण येण्याच्या आधीपासून ठाऊक होतं. वाटीकडं बघता बघता मला पाकिटातले जंतू आठवले.

मी ओसरीवर गेले. "भाऊजी, पावडर म्या उकळत्या पाण्यात कालवली. रोज."

आता ओरडतील, असं वाटलं. पण उठून त्यांनी फडताळातलं पाकीट काढलं, हलवून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं.

"हाय अजून थोडी. उद्या कोमट पाण्यात कालवा, वहिनी. तुमीच."

एवढा भरवसा मी त्यांच्यावर एक दिवसही ठेवला नव्हता.