पुतळीच्या पोटातली अंगठी

लग्नाआधीच सासूबाईंसमोर मी काय दिवे लावले, ते चहा संपेपर्यंत ऐकूनच घ्या.

मी जनावरांची डॉक्टर. मलकापूरजवळच्या एका गोठ्यात गाईंच्या पचनावर संशोधन करते. तिथल्या पुतळी गाईच्या डाव्या कुशीत आम्ही भूल देऊन, शस्त्रक्रिया करून एक भोक पाडलंय. थेट कोठीपोटात, म्हणजे चारा साठतो त्या पहिल्या मोठ्या पोटात जाणारं. जखम केव्हाच भरलीय, भोकाला रबरी बूच आहे. बूच काढायचं, हात घालायचा, अर्धवट पचलेला चारा तपासायला घ्यायचा. पुतळी तोवर निवांत रवंथ करते.

तर साखरपुड्यानंतर एका सकाळी माझा हात पुतळीच्या पोटात, आणि दारात आटपाडीहून आलेल्या होणाऱ्या सासूबाई. सोबत संदीप, माझा होणारा नवरा.

घाईघाईनं हात बाहेर काढला. हातमोजा फाटलेला, आणि बोटात साखरपुड्याची अंगठी नाही.

पुतळीच्या पोटात काय गेलं असेल, ते तुम्हीच ओळखा.

नवा मोजा चढवून मी परत हात घातला.

“काय करतीयास गं?” सासूबाईंनी विचारलं.

“चारा तपासतेय, आत्या.”

एक बादली भरली. मी बोटांनी चिवडत बसले. दुसरी भरली.

“एवढा तपासत्यात व्हय?”

“आज जरा जास्त लागतोय.”

सासूबाईंनी पदर खोचला, लांब मोजा चढवला आणि दंडापर्यंत हात आत घातला. “आगं बया, लय गरम हाय की आत. काय हुडकायचं ते तरी सांग.”

मला रडूच फुटलं. “अंगठी, आत्या. साखरपुड्याची.”

सासूबाईंचा हात आतच थांबला. त्यांनी संदीपकडं बघितलं. संदीपनं खिशातून लाल डबी काढली.

“ढिली होती म्हणून तूच साखरपुड्याच्या दिवशी आईकडं दिलीस की. सोनाराकडनं घट्ट करून आणलीय.”

मी मुकाट्यानं चारा पुतळीच्या पोटात परत भरला, बूच लावलं. सासूबाई हात धूत म्हणाल्या, “एवढं दिस बोटात अंगठी न्हाई, ते आज ध्यानात आलं व्हय? बरं, लग्नाची तारीख तरी ध्यानात हाय न्हवं?”

“आहे की,” मी ठसक्यात तारीख सांगितली.

संदीपनं कपाळाला हात लावला. मी सांगितलेली तारीख पुतळीच्या पुढच्या तपासणीची होती.